नवीन टँकमधले मासे आठवड्यात का मरतात, आणि बोअरच्या पाण्यावर टँक कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातलं गाव, दोन फुटी नवा टँक, पाणी बोअरचं. टँक भरल्यावर दुसऱ्याच दिवशी चार गोल्डफिश, दोन एंजल, चार मॉली आणि एक सकर आणून सोडला. तीन दिवस सगळं छान चाललं. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन तोंड मारायला लागले आणि आठवड्यात सहा गेले. दुकानदारानं निळं औषध दिलं, सगळं पाणी बदला आणि फिल्टर स्वच्छ धुवा असं सांगितलं. तसं केल्यावर आणखी दोन गेले. आता एक गोल्डफिश, एक मॉली आणि सकर उरलाय. हा रोग कोणता आणि औषध कोणतं घालायचं?

हा रोग नाही, त्यामुळे औषधही नाही. मासे स्वतःच्याच मलमूत्रात गुदमरलेत. टँक नवा होता, आणि माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात अजून तयार झाले नव्हते. फिल्टरला जे थोडेफार लागले असतील ते निळ्या औषधानं आणि फिल्टर धुण्यानं गेले. दुकानदाराचा हेतू वाईट नसेल, पण हा सल्ला उलटाच पडतो.

मासा अमोनिया सोडतो तो बहुतेक कल्ल्यांमधून, थेट पाण्यात. उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातच शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं. अशा माशाचे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात आणि हवेचा पंप जोरात चालू असूनही तो वर येऊन तोंड मारतो. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. हे दोन्ही जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी, काच यांच्या पृष्ठभागाला ते चिकटून राहतात आणि फार हळू वाढतात, संख्या दुप्पट व्हायलाच पाऊण-एक दिवस जातो. म्हणून नवा टँक पिकायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढतं, आणि दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. तुम्हाला दिसलेलं दुधाळ पाणी करणारे जिवाणू वेगळे. ते तासा-दोन तासांत दुप्पट होतात, शिळं खाणं खातात आणि आपोआप बसतात. दुधाळपणासाठी पाणी उपसू नये.

आता बोअरच्या पाण्याचा मुद्दा, कारण तुमच्याकडे सगळं इतक्या झटपट बिघडलं ते त्यामुळेच. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक जवळजवळ बिनविषारी. कोणतं किती ते पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर, ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांवर जातो आणि ८.५ ला पंधरा टक्क्यांच्या आसपास. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या काळ्या मातीतल्या बोअरचं पाणी बहुतेक जड असतं आणि पीएच आठच्या पुढेमागे निघतो. म्हणजे खानापूरकडच्या मऊ पाण्यात जितका अमोनिया मासा निभावून नेतो, तितक्याच अमोनियात तुमच्याकडचा मासा मरतो.

उरलेले तीन मासे वाचवायचे तर

खाणं तीन दिवस पूर्ण बंद. मोठ्या माशाला आठवडाभराचाही उपास झेपतो, दया दाखवून चिमूटभर टाकू नका. रोज एक तृतीयांश पाणी बदला. तुमच्या टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास असणार, तेव्हा १८ लिटर, एक मोठी बादली. नवं पाणी आदल्या रात्री भरून ठेवलेलं आणि टँकच्या पाण्याइतकंच कोमट असावं. नळी लावून खडीतला गाळ शोषूनच जुनं पाणी काढा. निळं औषध पुन्हा घालू नका.

नायट्राइटवर उतारा म्हणजे मीठ, पण लोक घालतात तसं मूठभर नाही. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांत नायट्राइटची वाट अडवतं आणि त्यासाठी दहा लिटरला एक ग्रॅम पुष्कळ झालं. ५५ लिटरला साडेपाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. मगभर पाण्यात विरघळवून ओता. नंतर १८ लिटर बदलताना मीठही फक्त दोन ग्रॅम घाला, दरवेळी चमचाभर नको. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं.

ओळखीत कुणाचा वर्षभर नीट चाललेला, आजारी मासे नसलेला टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून घ्या. ओलाच आणा, त्याच टँकच्या पाण्यात बुडवून, दोन-तीन तासांच्या आत, आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवा. बाजारात बाटलीतले जिवाणू मिळतात, पण उन्हात पडलेल्या बाटलीत काय जिवंत राहिलंय ते कुणालाच कळत नाही. जुन्या स्पंजासारखं दुसरं काही नाही.

थेंबांचा अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट टेस्ट किट घ्या. पट्ट्यांचा किट नको, त्यांत बहुधा अमोनिया नसतोच. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो आणि तो पाण्यात एकूण किती क्षार आहेत ते दाखवतो. अमोनिया त्याला कळत नाही. टीडीएस ठीक आहे म्हणून पाणी ठीक आहे असं धरून चालू नका.

पुन्हा सुरुवात करायची असेल तर मासे न सोडता टँक पिकवा

उरलेले तीन मासे कुणाच्या पिकलेल्या टँकमध्ये ठेवता आले तर हा सर्वांत साफ रस्ता. जिवाणूंना अमोनिया हवा असतो, तो माशानंच दिला पाहिजे असं नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा ढेकळाचा नवसागर नको, त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानातून शुद्ध प्रतीचा १०० ग्रॅम घ्या, कितीतरी टँक पिकतील. १० ग्रॅम नवसागर ५०० मिली पाण्यात विरघळवा. ५५ लिटरला या द्रावणाचे १७ मिली घातले की अमोनिया सुमारे २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, होतो. औषधाच्या बाटलीच्या झाकणावर मापाच्या खुणा असतात, नाहीतर सिरिंज वापरा.

फिल्टर चोवीस तास चालू, पाणी २८ अंशांच्या आसपास, दिवा बंद. दोन दिवसांआड मोजा. अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली गेला की पुन्हा १७ मिली. मध्येच नायट्राइट इतकं चढतं की किटचा रंग मापाबाहेर जातो. ५ पीपीएमच्या वर दिसलं तर अर्धं पाणी बदला आणि दोन दिवस नवसागर थांबवा. शेवटी १७ मिली घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की झालं. तोवर नायट्रेट बरंच साचलेलं असतं, म्हणून पाऊण टँक पाणी बदला आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मासे आणा. पिकलेला टँक आठवडाभर रिकामा ठेवला तर जिवाणू उपाशी मरू लागतात; मासे आणायला उशीर होत असेल तर नवसागराचा हप्ता चालू ठेवा.

तीन आठवडे होऊनही अमोनिया हलत नसेल तर पीएच पाहा. ६.५ च्या खाली हे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. तुमच्या बोअरच्या पाण्यात ही अडचण यायची शक्यता कमी, पण मऊ पाण्यावर हे हमखास होतं. त्याचं पुढे सांगतो.

आपल्याकडची पाणी

एकाच जिल्ह्यात पाण्याचे इतके प्रकार आहेत की बेळगावात राहणाऱ्या मामाचा टँक जसा चालतो तसा अथणीच्या भाच्याचा चालेलच असं नाही.

बोअरचं ताजं पाणी टँकमध्ये थेट ओतू नका. जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. बॅरलमध्ये भरून रात्रभर एअर पंपाच्या नळीचा बुडबुडे सोडणारा दगड त्यात सोडून ठेवा. सकाळी पीएच चढलेला दिसेल आणि तोच खरा आकडा. बोअर चालू करून लगेच मोजलेला पीएच फसवा असतो. भांड्यांवर तांबूस डाग पडत असतील तर पाण्यात लोह आहे. हवा मिळाली की ते तळाला बसतं, मग वरचं निवळ पाणी वापरा. टीडीएस ८००-९०० निघाला म्हणून दचकू नका. मॉली, गप्पी, प्लॅटी यांना जड पाणीच मानवतं. जड पाणी मऊ करायच्या खटपटीत रोज पीएच वर-खाली करण्यापेक्षा जड पाण्याचे मासे पाळणं कितीतरी शहाणपणाचं.

एंजल किंवा टेट्राच हवेत असा घरच्यांचा हट्ट असेल तर गावातल्या नाणं टाकून मिळणाऱ्या फिल्टरच्या पाण्याचा उपयोग होतो. ते आरओचं असतं. अर्धं बोअरचं, अर्धं ते, आणि दरवेळी तेच प्रमाण. नुसत्या आरओच्या पाण्यावर टँक चालवू नका. त्यात पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट नसतात, आणि एखाद्या रात्रीत पीएच कोसळतो.

बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. ते बोअरच्या मानानं मऊ, पण क्लोरीनचं. नळ चार-पाच दिवसांनी येतो तिथं बॅरलमधल्या पाण्यातला क्लोरीन उडूनच गेलेला असतो. ज्या भागात चोवीस तास पाणी आहे तिथले लोक मात्र नळाची नळी थेट टँकमध्ये सोडतात आणि संध्याकाळपर्यंत मासे पांढरे पडून तडफडतात. त्यावर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फोटो स्टुडिओत लागायचा तोच. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा, आणि दहा लिटर नव्या पाण्याला एक मिली. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ झालं की तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. नळाला ब्लीचिंगचा उग्र वास आला की दहा लिटरला दोन मिली घाला आणि त्या आठवड्यात पाणी थोडंच बदला.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पावसाच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी सहसा मऊ. तिथं नवसागरानं पिकवताना पीएच घसरतो. पाच ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे सपाट चमचा, ५५ लिटर पाण्याचा केएच, म्हणजे पीएच धरून ठेवणाऱ्या कार्बोनेटचं माप, साधारण तीन अंशांनी वाढवतो. मासे नसताना एकदम घाला. मासे असताना तीन-चार दिवसांत वाटून. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ ठेवला तर तो संथपणे हेच काम करतो.

नव्या सिमेंटच्या हौदातलं पाणी काही महिने वापरू नये, चुन्यामुळे पीएच फार वर असतो. आणि उसाच्या शिवारातल्या विहिरीचं पाणी असेल तर त्यातलं नायट्रेट आधी मोजा. रासायनिक खतांचं नायट्रेट जमिनीत झिरपतं. मूळ पाण्यातच ४० पीपीएम असेल तर पाणी कितीही बदललं तरी टँकमधला आकडा खाली येणार नाही.

काच, खडी, फिल्टर

२४ बाय १२ बाय १५ इंच हे माप सुरुवातीला उत्तम. त्याहून छोटा टँक सांभाळायला उलट कठीण, कारण थोड्या पाण्यात चूक लगेच दिसते. काच ५ एमएम. भरल्यावर पाणी, खडी, काच मिळून ८० किलोच्या आसपास वजन होतं, तेव्हा टीव्हीच्या शोकेसवर नको. टँकखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल अंथरा म्हणजे तळाच्या काचेवर एकाच ठिकाणी भार येत नाही. नवा चिकटवलेला टँक असेल तर सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण गेल्यावरच पाणी भरा, आणि एक दिवस रिकाम्या फरशीवर गळतीची परीक्षा घ्या.

खडी दीड इंच जाडीची, सुमारे ११ किलो, पाणी निवळ निघेपर्यंत धुवून. साबण कुठेही नको. दुकानातली रंगीत खडी रंग सोडते. बाहेरून दगड आणणार असाल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर तो चुनखडी. यादवाड-लोकापूरकडचा दगड असा निघू शकतो, तो आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करतो. जांभ्याचा तुकडा दिसायला छान, पण तो झिजतो आणि पाणी लालसर करत राहतो.

फिल्टर म्हणून साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप. दिसायला बोजड, पण आपल्याकडच्या लाईटच्या हिशेबानं हाच बरा. एअर पंप तीन ते पाच वॅट खातो, घरच्या इन्व्हर्टरला जाणवतही नाही. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर लाईट गेल्यावर टँकचं पाणी नळीतून पंपात उतरतं. इन्व्हर्टर नसेल तर चार्जिंगचा छोटा एअर पंप घ्या. तोही नसेल तर लाईट लांबल्यावर दर अर्ध्या तासाला मगानं पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता, आणि लाईट येईपर्यंत खाणं घालू नका.

कोणते मासे, किती

तुमची निवडच एकमेकांशी न जमणारी होती, पाणी चांगलं असतं तरी. गोल्डफिश थंड पाण्याचा, १८ ते २३ अंशांत सुखी, आणि घाण करण्यात सगळ्यांत पुढे. दोन गोल्डफिशना शंभर-सव्वाशे लिटर लागतात. एंजलला किमान दीड फूट उंचीचं पाणी आणि २६-२७ अंश. सकर हातभर वाढतो, दुकानात बोटाएवढा दिसतो म्हणून घरी येतो. तो शेवाळ खाऊन टँक स्वच्छ ठेवतो हा समज सोडा, तो स्वतःच भरपूर विष्ठा टाकतो. टायगर शार्क म्हणून विकतात तो चंदेरी मासा तर मीटरभर वाढतो, घेऊच नका.

तुमच्या जड पाण्याला प्लॅटी, मॉली, गप्पी आणि झेब्रा डॅनिओ. पहिल्या खेपेला सहा झेब्रा किंवा चार-पाच प्लॅटी. दोन आठवडे अमोनिया-नायट्राइट शून्य राहिलं तर पुढचे पाच. ५५ लिटरात शेवटी बारा ते पंधरा छोटे मासे, त्यापुढे नाही. गप्पी-मॉलीचे नुसते नर आणा. माद्या आणल्या तर तीन महिन्यांत टँकमध्ये जत्रा भरते. गप्पी चिवट असते हे खरं, डासांच्या अळ्या खायला विहिरींत सोडतात ती हीच, पण दुकानातली लांब शेपटीची गप्पी तितकी चिवट राहिलेली नाही.

फायटर एकटाच ठेवा, १५-२० लिटरात, झाकणासह. तो वरची हवा श्वासात घेऊ शकतो म्हणून काचेच्या बरणीतही तग धरतो, पण तिथंही अमोनिया साचतोच.

मासे आणताना दुकानातल्या त्या टँककडे नीट बघा: एकही मेलेला किंवा अंग घासणारा मासा दिसला तर त्या टँकमधलं काही घेऊ नका. शोभेच्या माशांचा मोठा व्यापार चेन्नईच्या कोळत्तूरमधून चालतो. लांबून आलेल्या माशाला दुकानात आठवडाभर तरी होऊ द्या. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी घाला, अर्धा-पाऊण तास. मासा जाळीनं उचला, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. दोन दिवस पार्सलमध्ये प्रवास केलेल्या माशाला मात्र ही पद्धत घातक. बंद पिशवीत अमोनिया साचलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइडनं पीएच खाली असतो. पिशवी उघडली, जड पाणी मिसळलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी फक्त तापमान जुळवा आणि मासा लगेच हलवा.

रोजचं

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. दोघा-तिघांच्या घरात प्रत्येकजण आपापलं चिमूटभर टाकतो, त्यासाठी एकाचीच जबाबदारी ठरवा. तलावातल्या माशांना टाकतात तसे चुरमुरे, पाव, भात टँकमध्ये नको.

आठवड्याला पाव टँक पाणी बदला. फिल्टरचा स्पंज तीन-चार आठवड्यांनी, टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळून. नळाखाली कधीच नाही, साबण तर मुळीच नाही. एकाच दिवशी स्पंज आणि खडी दोन्ही साफ करू नका.

दिवा सहा ते आठ तास. खिडकीतल्या उन्हात टँक ठेवला की पाणी हिरवं होणार. वॉलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट या वनस्पती जड पाण्यात छान येतात आणि अमोनिया शोषतात. कुंडीतल्या मनी प्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी अडकवली तर नायट्रेट चांगलं ओढते. ओढ्यातून किंवा तळ्यातून शेवाळ आणलं तर चतुराच्या अळ्या येतात, त्या छोटे मासे खातात.

हिवाळ्यात बेळगावात रात्रीचा पारा पंधराच्या खाली जातो. ५५ लिटरला ७५ वॅटचा हीटर, खोली फारच गार पडत असेल तर १०० वॅट, २५ अंशांवर. हीटरवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता वेगळा थर्मामीटर लावा. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, गरम नळी हवेत उघडी पडली की तडकते. पाण्यात हात घालताना सगळ्या वायरी बोर्डातून काढा. उन्हाळ्यात अथणी-रायबागकडे उलटा प्रश्न. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरला ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. झाकण उघडून वरून टेबल फॅनचा वारा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्यानं करू नका, क्षार वाढत जातात; तेवढ्यापुरतं आरओचं पाणी वापरा.

डासांचा स्प्रे आणि कॉइल यांतली द्रव्यं माणसाला झेपतात, माशाला नाहीत. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. फवारा मारायचाच असेल तर टँक ओल्या कापडानं झाका, पंप तासभर बंद ठेवा आणि खोली मोकळी झाल्यावर चालू करा. गणपतीआधीच्या रंगकामाला हेच. निपाणी भागात तंबाखू हाताळून आलेले हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पाण्यात घालू नका, निकोटीन माशांना विष आहे. शेतात औषध मारून आलेल्या माणसानं तर त्या दिवशी टँकला हातच लावू नये.

खरोखर रोग झाला तर

अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो इक. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना त्याला कोणतंच औषध लागत नाही. तो सुटून पाण्यात पोहतो तेवढ्याच काळात मरतो. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवणारे लोक पंधरा दिवसांनी पुन्हा तिथंच येतात. दोन दिवसांत हळूहळू तापमान २९-३० अंशांवर न्या, एअर पंप वाढवा. जाडं मीठ लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे ५५ लिटरला ११० ग्रॅम, तीन हप्त्यांत दीड दिवसात. रोज खडीतला गाळ शोषा, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हे चालू ठेवा. कोरी आणि लोच या तळाला राहणाऱ्या माशांना एवढं मीठ सोसत नाही, वनस्पतीही मान टाकतात. गोल्डफिशला ३० अंश नकोत, त्याला २६ वर ठेवून दिवस वाढवा. मिथिलीन ब्लू म्हणजे ते निळं औषध वाईट नाही, पण ते वेगळ्या वीस लिटरच्या टबात, आजारी मासा तिथं हलवून. मुख्य टँकमध्ये ते जिवाणू मारतं आणि सिलिकॉन निळं करतं.

मोठा झालेला सकर किंवा नको झालेले मासे मार्कंडेयात, मलप्रभेत किंवा किल्ला तलावात सोडू नका. सकर तिथं जगतो, काठाला बिळं करतो आणि इथल्या माशांचं खाणं आणि अंडी फस्त करतो. दुकानदार बहुतेक वेळा परत घेतो, पैसे देणार नाही एवढंच.

चार-पाच दिवस गावाला जाणार असाल तर खाणं न घालता खुशाल जा. त्यापेक्षा जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांना डबा देऊ नका, रोजचं एक चिमूट कागदाच्या पुडीत बांधून तेवढ्याच पुड्या द्या, आणि दोन दिवसांआड एक पुडी असं सांगून ठेवा.